गोव्यात घरासाठी लाकडी दारे करून घ्यायची आहेत : विश्वासू कारखाना कसा ओळखावा?

चिरेबंदी :

नमस्कार. फोंडा तालुक्यात आमच्या घराचे बांधकाम सुरू आहे. चिऱ्याच्या भिंती खिडक्यांच्या पातळीपर्यंत आल्या आहेत आणि चौकटी कधी येणार, असे गवंडी रोज विचारू लागला आहे. एक मुख्य दार, आतली चार दारे आणि न्हाणीघरांची दोन, असे एकूण सात दारांचे काम कोणाला द्यावे, हे महिनाभरात ठरवायचे आहे. जाणकारांचा सल्ला हवा आहे. मात्र "अमुक ठिकाणी जा" एवढेच सांगण्यापेक्षा कारखाना पारखायचा कसा, हे सांगितलेत तर ते माझ्याबरोबर इतरांच्याही उपयोगी पडेल.

इतकी काळजी करण्याचे कारण आधीच्या अनुभवात आहे. सहा वर्षांपूर्वी मडगावच्या आमच्या सदनिकेसाठी एका कारखान्याकडून सागवानी मुख्य दार करून घेतले होते. कारखान्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. दालनातले दार देखणे होते, कोरीव काम नेटके होते, आणि आम्ही तेवढेच पाहिले. दार फेब्रुवारीत बसले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते चौकटीला घासू लागले आणि चवथीला घर पाहुण्यांनी भरलेले असताना त्याची कडीच लागेना. शेवटी रात्री आतून खाट ओढून दाराला लावली आणि आम्ही झोपलो. तक्रार केल्यावर कारखान्याचा माणूस आला, त्याने कुलपाच्या बाजूने रंधा मारला आणि "पावसात असे होतेच" असे सांगून निघून गेला. जानेवारीत त्याच बाजूला बाहेरचा उजेड दिसेल एवढी फट पडली. मधल्या फळ्यांच्या कडांना पॉलिश न लागलेल्या फिकट लाकडाची बोटभर लांब, सुतासारखी रेघ उघडी पडली. पुढे दुरुस्तीसाठी दार उतरवले, तेव्हा खालच्या कडेला पॉलिशचा एक हातही दिलेला नव्हता, हे दिसले. तिथून पाणी शोषून शोषून लाकूड काळे पडले होते.

या वेळी मी आतापर्यंत तीन कार्यशाळा पाहिल्या. सगळीकडे मला तयार, पॉलिश केलेली दारेच दाखवण्यात आली. कच्चे लाकूड कुठे ठेवता, असे विचारल्यावर दोघांनी विषय बदलला. माझे मत असे होत चालले आहे की ज्याला पॉलिशच्या आधीचे लाकूड दाखवता येत नाही, त्याच्याकडे काम देऊ नये. हा निकष योग्य आहे का, आणि आणखी काय पाहावे?

रंधा :

ताई, आपला निकष योग्य आहे. मी डिचोलीचा. सुतारकाम आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि मी स्वतः तीसेक वर्षे दारे-खिडक्या केल्या. आता नवी कामे घेत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आपल्या दाराला जे झाले, त्याचे मूळ लाकडातल्या ओलाव्यात आहे. लाकूड हवेतला दमटपणा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. सागवान या बाबतीत पुष्कळ शांत लाकूड आहे. तरीही त्याच्या एक फूट रुंद फळीतला ओलावा सहा टक्क्यांनी बदलला, तर ती साधारण तीन मिलिमीटरने कमी-जास्त होऊ शकते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. म्हणजे एकाच दाराला एका वर्षात दोन वेगवेगळ्या हवामानांत राहावे लागते. चांगला कारागीर ही हालचाल थांबवू पाहत नाही, तो तिच्यासाठी जागा ठेवतो. मधली फळी उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या खाचेत सैल बसवलेली असावी. तिला खिळा मारलेला नसावा आणि गोंदही लावलेला नसावा. खाचेत जाणाऱ्या तिच्या कडांना आधीच पॉलिश दिलेले असावे. आपल्याला दिसलेली फिकट रेघ याचीच खूण होती : फळी आकसली आणि तिची कोरी कड बाहेर आली. खिळे मारून घट्ट बसवलेली असती, तर ती मधोमध चिरली असती.

ऐन पावसाळ्यात दार तासणे ही दुसरी चूक. पावसाळ्यात दार घासू लागले, तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळून पाहावेत आणि शक्य असेल तर ऑक्टोबरपर्यंत कळ काढावी. फारच अडत असेल तर कागदाइतका पातळ हात फिरवावा आणि उघडे पडलेले लाकूड त्याच दिवशी पॉलिशने बंद करावे. आपल्याकडे आलेल्या माणसाने फुगलेले लाकूड काढून टाकले. ते जानेवारीत आकसणारच होते.

आता कारखाना पारखण्याविषयी. दालनात न जाता मागच्या शेडमध्ये जा. कापलेल्या फळ्या एकमेकींवर थेट रचल्या आहेत, की थरांच्या मध्ये सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या घालून हवा खेळती ठेवली आहे, ते पाहा. चळत जमिनीपासून वर उचललेली आहे का? छप्पर आहे का? फळ्यांच्या टोकांना रंग किंवा मेण लावले आहे का? लाकडाचा ओलावा टोकाकडून लवकर उडतो आणि टोके उघडी राहिली तर तिथून चिरा पडतात, म्हणून ही काळजी घेतात. भट्टीत सुकवलेले लाकूड असेल, तर भट्टी त्यांची स्वतःची आहे की बाहेरची, हे विचारा. बाहेरची असली तरी हरकत नाही. मात्र तिची पावती किंवा नोंद दाखवता आली पाहिजे.

ओलावा मोजायला टाचण्यांचे छोटे यंत्र येते आणि बऱ्याच कारखान्यांत ते असते. फळीच्या वरच्या पृष्ठभागावर ते टोचून आकडा दाखवला, तर मान डोलावू नका. वरचा थर लवकर सुकतो. फळी मधोमध कापायला सांगा आणि नुकत्या कापलेल्या तोंडावर, गाभ्यात टाचण्या टोचायला सांगा. दाराच्या लाकडात १२ ते १४ टक्के आणि जाड चौकटीत फार तर १६ टक्के, एवढा ओलावा मी आपल्या भागासाठी योग्य मानत आलो. याविषयी भारतीय मानक २८७ आहे. त्यात देशाचे हवेतल्या दमटपणानुसार विभाग पाडून त्या त्या विभागातली मर्यादा दिलेली आहे. एसीच्या दालनात दाखवायला ठेवलेल्या दाराचा आकडा आपल्या घरच्या दाराबद्दल काही सांगत नाही.

यंत्रावर भरवसा नसेल, तर एक घरगुती उपाय आहे. त्याच फळीचा छोटा तुकडा मागून घ्या. तो लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी आणा आणि सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर तोला. मग ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांवर ठेवून वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवा. २३० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर स्थिरावला, तर गेलेले ३० ग्रॅम भागिले सुके वजन २०० ग्रॅम, म्हणजे १५ टक्के ओलावा. प्रयोगशाळेतही मूळ पद्धत हीच असते.

सत्तरीची वाट :

रंधा यांच्या प्रतिसादात भर म्हणून लाकूड कुठून येते, याविषयी लिहितो. दाराच्या किमतीचा मोठा भाग लाकडाचा असतो आणि सर्वांत जास्त फसवणूकही तिथेच होते.

"सागवान" हा एकच शब्द कोटेशनमध्ये लिहिलेला असेल, तर त्याला काहीच अर्थ नाही. दुकानात सीपी, बल्लारशा, दांडेली, बर्मा, घाना, आफ्रिकन अशी अनेक नावे कानावर पडतील. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचे सागवान. बल्लारशा चंद्रपूरकडचे. दांडेलीच्या सरकारी डेपोतला लिलाव आपल्याकडच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. घाना म्हणून येणारे लाकूड खरे सागवानच असते. फरक असा की ते लागवडीतल्या कमी वयाच्या झाडांचे असल्याने त्यात गाभा कमी आणि सालीलगतचा फिकट भाग जास्त निघतो. "आफ्रिकन टीक" म्हणून जे विकले जाते, ते पुष्कळदा सागवान नसतेच. इरोको नावाचे वेगळेच झाड त्या नावाने खपते. ते वाईट लाकूड आहे असे मी म्हणत नाही. मात्र सागवानाचा दर देऊन ते घेऊ नये. बर्मा सागवानाबद्दल एवढे लक्षात ठेवावे की म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. तेव्हा "आमच्याकडे बर्म्याचे ताजे ओंडके आले आहेत" असे कोणी सांगितले, तर कागद मागावेत.

नावापेक्षा गाभा महत्त्वाचा आहे. सागवानाला वाळवी लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. टिकाऊपणा गाभ्याच्या तपकिरी लाकडात असतो, कारण त्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी दूर राहते. सालीलगतचे फिकट पिवळसर लाकूड सागवानाचे असले, तरी त्याला वाळवी लागते आणि कीडही लागते. पॉलिशमध्ये रंग घालून दोन्ही एकसारखे दाखवता येतात, आणि पॉलिशआधी लाकूड पाहण्याचा ताईंचा आग्रह मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. ताजा काप हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा वास येतो. एकदा तो वास ओळखीचा झाला, की सहसा फसगत होत नाही.

कागदांविषयी : लाकूड वाहून आणायला वनखात्याचा वाहतूक पास लागतो. व्यवहार चोख ठेवणारा कारखानदार पासची किंवा डेपोच्या खरेदी-पावतीची प्रत दाखवायला का-कू करत नाही. आणि अनेकांच्या मनात "आमच्या कुळागरातला फणस पाडून त्याचीच चौकट करू" असा विचार असतो, म्हणून सांगतो. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ प्रमाणे स्वतःच्या खासगी जमिनीतले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज आधी करावा, कुऱ्हाड नंतर.

फणसाचे नाव निघालेच आहे, तर त्याबद्दल मनापासून लिहावेसे वाटते. सत्तरीतल्या आमच्या जुन्या घराची मुख्य चौकट फणसाची आहे. आजोबांनी बसवलेली ती चौकट नवी असताना हळदीसारखी पिवळी होती, असे आजी सांगायची. आज ती मधासारख्या गडद रंगाची झाली आहे आणि तिच्या एकाही सांध्यात बोट जात नाही. जून फणसाचा गाभा वाळवीला चांगला तोंड देतो आणि सागवानापेक्षा स्वस्तही पडतो. अडचण एवढीच की सरळ, लांब आणि गाठी नसलेला फणस मिळणे कठीण असते आणि तो घाईने सुकवला तर पिळतो. ऐन म्हणजे आपल्याकडची मट्टी. तिचे लाकूड वाशांसाठी उत्तम असले, तरी सुकताना चिरते, त्यामुळे दारासाठी मी ते सुचवणार नाही. आंबा तर मुळीच नको, त्याला कीड फार लवकर लागून भुसा पडू लागतो.

सासष्टीकर :

वरचे प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. तरीही एका मुद्द्यावर मी नम्रपणे असहमत आहे. आतल्या चार दारांसाठी भरीव सागवानाचा आग्रह कशासाठी? चांगल्या कारखान्याचे भरीव गाभ्याचे फ्लश दार, म्हणजे थर चिकटवून केलेले दोन्ही बाजूंनी सपाट दार, आतल्या खोल्यांना पुरेसे असते. त्याच्या थरांचे रेषे एकमेकांना आडवे लावलेले असतात, त्यामुळे ते पावसात फारच कमी हलते, आणि खर्चही बराच वाचतो. माझ्या घरी अशी पाच दारे आहेत. एकदाही रंधा लागलेला नाही.

इथे पारख वेगळी करावी लागते आणि एका अर्थी ती सोपीही आहे, कारण फ्लश दारांसाठी भारतीय मानक २२०२ आहे. दारावर आयएसआय चिन्ह असेल, तर चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर घालून पाहिला, की तो कोणत्या उत्पादकाचा आहे आणि चालू आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळते. मी दुकानातच, विक्रेत्यासमोर उभे राहून हे पाहतो. एकदा चिन्ह खरे निघाले, पण परवाना प्लायवूडचा होता, दारांचा नव्हता. कोरीव सागवानी दाराला कोणी "आयएसआय दार" म्हणत असेल, तर कोणते मानक, हे जरूर विचारावे.

दार भरीव आहे की आत पुठ्ठ्याची जाळी आहे, हे टिचकी मारून बऱ्यापैकी कळते. खात्री करायची असेल तर कुलपासाठी पाडलेले भोक पाहावे, किंवा विक्रेत्याकडचा कापलेला नमुना मागावा. बाहेरच्या किंवा दमट जागेसाठी उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या फिनॉलिक गोंदाचे दार घ्यावे आणि जाडी ३५ मिलिमीटर असावी.

तयार सदनिका घेणाऱ्यांसाठीही एक माहिती देतो. बिल्डरने दिलेली दारे ताब्यानंतर पिळली किंवा थर सुटून फुगली, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याचे कलम १४(३) पाहावे. कामाच्या दर्जातला दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पुष्कळ लोक एक वर्षाच्या तोंडी हमीवर समाधान मानतात.

रंधा :

सासष्टीकर, आपले म्हणणे मला मान्य आहे. आतल्या दारांना चांगले फ्लश दार घ्यावे आणि वाचलेले पैसे मुख्य दाराच्या लाकडात घालावेत. एवढेच सांगतो की फ्लश दार उंचीला लहान करायला खालून कापले, तर ती कापलेली कड रंगाने किंवा पॉलिशने बंद केल्याशिवाय लावू नये. बहुतेक फ्लश दारे खालच्या कडेपासूनच फुगायला लागतात.

काणकोण किनारा :

आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. लाकडाबद्दल सगळे लिहून झाले आहे, म्हणून लोखंडाबद्दल लिहिते.

आमचे सागवानी दार उत्तम होते, पण कारखान्याने त्याला साध्या, मुलामा दिलेल्या बिजागऱ्या लावल्या. दुसऱ्या पावसाळ्यात स्क्रूंची डोकी गंजून गळाली आणि लाकडावर काळे ओघळ उतरले. खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलसुद्धा बघून घ्यावे लागते. नेहमीचे ३०४ प्रतीचे स्टील आत चालते. बाहेरच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर ३१६ प्रतीचे किंवा भरीव पितळेचे साहित्य घ्यावे. स्क्रूही त्याच धातूचे हवेत, नाहीतर बिजागरी टिकते आणि स्क्रू जातो. साडेतीन फूट रुंद, सात फूट उंच, दीड इंच जाडीचे सागवानी दार पन्नास किलोच्या आसपास भरते. त्याला तीन लहान बिजागऱ्या लावून देणारा कारखाना घाईत काम उरकतो आहे, असे समजावे. चार बिजागऱ्या मागाव्यात आणि त्यांतली एक वरच्या बिजागरीच्या जवळच लावून घ्यावी, कारण सर्वांत जास्त ताण तिथेच येतो.

न्हाणीघरांना लाकडाचा हट्ट धरू नये. आम्ही डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या चौकटी आणि दारे लावली, त्यांची आता आठवणही होत नाही.

आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारावर छप्पर पुरेसे पुढे आलेले असू द्या. आपल्या जुन्या घरांना बाल्कांव किंवा पडवी असायची आणि त्यांच्या मुख्य दारावर पावसाचा थेंब सहसा पडत नसे. आता सपाट भिंतीत दार बसवतात आणि दोष लाकडाला देतात.

चिरेबंदी :

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन रविवारी आणखी दोन ठिकाणी जाऊन आले.

पहिल्या ठिकाणी कोटेशनमध्ये मुख्य चौकटीचे लाकूड २.६ घनफूट लावले होते. घरी येऊन मी हिशेब केला. चौकट सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद, लाकूड पाच इंच बाय तीन इंच. दोन उभे आणि वरचा एक आडवा मिळून लांबी साडेसतरा फूट, म्हणजे २१० इंच. २१० गुणिले ५ गुणिले ३ केले की ३१५० घनइंच येतात. एक घनफूट म्हणजे १७२८ घनइंच, त्यामुळे लाकूड भरते १.८२ घनफूट. खाली उंबरठा धरला तरी लांबी २१ फूट होते आणि आकडा २.१९ च्या पुढे जात नाही. फरक कशाचा, असे फोनवर विचारल्यावर आधी "घट धरली आहे" आणि मग "सगळेच असे धरतात" असे उत्तर आले. कापताना घट होते, हे मी समजू शकते. पण ती वेगळी लिहायला हवी होती.

दुसऱ्या ठिकाणी मालकाने मला थेट शेडमध्ये नेले. एक फळी माझ्यासमोर कापली आणि यंत्र टोचले. आकडा १९ आला. तो स्वतःच म्हणाला, "बाई, ही चळत तुमच्या कामाला चालणार नाही. पलीकडची दाखवतो." पलीकडच्या चळतीत १३ आला. तुकडा घरी आणून रंधा यांच्या पद्धतीने सुकवला, तर हिशेबाने साडेतेरा टक्के आले. त्याचा दर पहिल्यापेक्षा जास्त आहे, शिवाय तो अडीच महिने मागतो आहे. आमच्याकडे चौकट बसवण्याचा मुहूर्त मात्र पाच आठवड्यांवर आला आहे आणि सासूबाई त्यासाठी खूप उत्सुक आहेत. काय करावे?

रंधा :

हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला आहे. आपल्याकडे लोक आधी मुहूर्त काढतात आणि मग लाकूड शोधायला निघतात. मग तारखेला चौकट उभी राहिली पाहिजे म्हणून ओल्या लाकडाची चौकट भिंतीत जाते. वर्षभरात तिचे सांधे उघडतात आणि ती भिंत फोडल्याशिवाय काढता येत नाही. पल्ला, म्हणजे उघड-मीट होणारा दाराचा भाग, बदलता येतो. चौकट बदलणे फार जड जाते.

त्या कारखानदाराला विचारा की १३ टक्क्यांच्या चळतीतून मुख्य चौकट तेवढी आधी करून मिळेल का. तीन लाकडांचे काम आहे, पाच आठवड्यांत होण्यासारखे आहे. मात्र चौकटीचे लाकूड तीन इंच जाड असल्यामुळे त्याचा ओलावा वेगळा मोजून घ्या. पल्ले नंतर सावकाश होऊ देत. सासूबाईंचा मुहूर्तही साधेल.

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात लाकडाची जात आणि ते कुठले, फिकट लाकूड चालणार नाही हे वाक्य, तासून झाल्यावरची जाडी, ओलाव्याची मर्यादा, बिजागऱ्यांची धातूची प्रत आणि पॉलिश सहाही बाजूंना देण्याची अट यायला हवी. तासून झाल्यावरची जाडी हे शब्द विसरू नका, कारण दीड इंच म्हणून सांगितलेली फळी रंधा लागून सव्वा इंच भरते. पैसे तीन-चार टप्प्यांत द्या आणि एक टप्पा "पॉलिशपूर्वी पाहणी झाल्यावर" असा ठेवा. शेवटची थोडी रक्कम पहिला पावसाळा उलटल्यावर देण्याची अट मी स्वतः अनेक गिऱ्हाइकांना मान्य केली होती. स्वतःच्या कामावर विश्वास असलेल्या माणसाला ती जड जात नाही.

आणखी एक. त्या कारखानदाराने तीन-चार वर्षांपूर्वी केलेल्या दारांचे दोन-तीन पत्ते मागा आणि जमल्यास जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जा. दार उघडा, लावा, कडी सरकवून पाहा. मार्चमध्ये सगळीच दारे चांगली लागतात.

मांडवीतीर :

ग्राहक तक्रारींच्या कामाशी माझा संबंध येतो, म्हणून थोडक्यात लिहितो. जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर लाकडाची जात लिहून घ्यावी. "बिल नको असेल तर स्वस्त देतो" हे ऐकून बिल सोडणारे लोक पुढे आमच्याकडे हात हलवत येतात. दोष दिसल्यावर फोनवर भांडत न बसता तारखेसह फोटो काढून लेखी कळवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. ताई, आपल्या जुन्या दाराची मुदत निघून गेली आहे, याचे वाईट वाटते.

सत्तरीची वाट :

चौकट भिंतीत जाण्याआधीची एक गोष्ट राहून गेली. वाळवी बहुधा दारातून येत नाही. ती जमिनीतून चिऱ्यांच्या पोकळ्यांमधून वर चढते आणि चौकटीच्या भिंतीकडच्या, न दिसणाऱ्या बाजूने आत शिरते. पायाच्या वेळी वाळवीविरोधी औषध मारले नसेल, तर निदान चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीत ते सोडून घ्या. आमच्याकडे पूर्वी काजूच्या टरफलांचे तेल या मागच्या बाजूला लावत. ते कातडी भाजते, म्हणून हातमोज्यांशिवाय कोणी लावू नये, पण वाळवी त्याच्या वाटेला जात नाही.

चिरेबंदी :

दुसऱ्या कारखानदाराकडे काम निश्चित केले. चौकट आधी करून द्यायला तो तयार झाला आणि शेवटची दहा टक्के रक्कम ऑक्टोबरमध्ये घेण्याची अटही त्याने मान्य केली. आतली चार दारे सासष्टीकरांनी सांगितल्याप्रमाणे मानक २२०२ ची घेत आहे आणि न्हाणीघरांना डब्ल्यूपीसी. फणसाचा विचार मनात आला होता, पण सरळ लाकूड वेळेत मिळाले नाही. आता एकच शंका उरली आहे. भिंतीकडच्या बाजूला काजूचे तेल लावावे की डांबर? गवंडी डांबर म्हणतो.

रंधा :

डांबर लावले तरी चालेल, पण दोन हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. चौकटीच्या पायांची टोके त्यात बुडवूनच काढा, कारण पाणी सर्वांत जास्त तिथूनच चढते. पाय फरशीखाली काँक्रीटमध्ये गाडू देऊ नका, ते फरशीच्या पातळीवरच थांबले पाहिजेत. प्रत्येक उभ्याला तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, घ्या. बांधकामावर पाणी मारायचे दिवस असतील, तोवर चौकट प्लास्टिकने गुंडाळून ठेवा आणि दोन उभ्यांच्या मध्ये एक आडवी पट्टी ठोकून ठेवा. गवंडी ती पट्टी येण्या-जाण्याला अडते म्हणून काढून टाकतात. भिंत पूर्ण वाळेपर्यंत ती काढू देऊ नका.